गल्लीत राहणारे आणि गल्लीतून जाणारे

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहतुकीबद्दल जे काही लिहिले-बोलले जाते, ते जवळजवळ सगळे गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने असते. हिंजवडी गाठताना वाकडला किती वेळ मोडला, चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरची रांग कुठवर गेली, नाशिक फाट्यावर संध्याकाळी किती सिग्नल थांबावे लागले, याच्या बातम्या होतात, निवेदने जातात, आंदोलने होतात. या तक्रारी खोट्या नाहीत. कोंडीत इंधन जळते, शिफ्ट चुकते, रुग्णवाहिका अडकते. पण ज्यांच्या घराचे दार त्याच रस्त्यावर उघडते, त्यांच्या आयुष्यात या वाहतुकीने काय बदलते, हे क्वचितच विचारले जाते. कोंडी सुटून गाड्या वेगाने निघाल्या की गाडीतल्या माणसाची तक्रार मिटते. दारात उभ्या असलेल्या बाईची तेव्हाच सुरू होते, कारण समोरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायला तिला आता पोराला एकट्याला पाठवता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की, गल्लीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या म्हणून शेजार मोडत नाही. गल्लीशी काही देणेघेणे नसलेल्या, नुसती वाट काढत जाणाऱ्या गाड्या तो मोडतात. हा फरक ओळखला, तर गाड्यांच्या कारखान्यांवरच पोट असलेल्या या पट्ट्यातही राहता रस्ता वाचवता येतो.

या विषयाचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातला आहे. बर्कलीच्या विद्यापीठात नगररचना शिकवणारे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास तिथले तीन राहते रस्ते निवडले. दिसायला तिन्ही रस्ते साधारण सारखे; फरक होता तो वाहनांच्या संख्येत. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून जवळजवळ १६,०००. त्यांनी रहिवाशांना विचारले, या रस्त्यावर तुमचे मित्र कोण, नुसत्या ओळखीचे कोण, आणि नकाशावर घराघरांना जोडणाऱ्या रेषा ओढल्या. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे निघाले. मधल्या रस्त्यावर हे आकडे १.३ आणि ४.१ वर आले, आणि गजबजलेल्या रस्त्यावर ०.९ आणि ३.१ वर. शांत रस्त्याच्या नकाशावर दोन्ही बाजूंमध्ये रेषांचे जाळे दिसते. गजबजलेल्या रस्त्यावर समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या रेषा विरळ होतात. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, आणि मला तो मैत्रीच्या आकड्यांहून मोलाचा वाटतो: तुमचे घर कुठपर्यंत आहे असे तुम्हाला वाटते? शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्ख्या रस्त्याभोवती रेघ काढली. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी फार तर आपल्या इमारतीभोवती. म्हणजे वाहतुकीने माणसाच्या मनातला 'आपला' मुलूख आक्रसून दाराच्या आत नेला होता. मार्क लिंटेल यांच्यासह लिहिलेला हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८१ मध्ये ॲपलयार्ड यांनी राहण्याजोग्या रस्त्यांवर मोठे पुस्तक लिहिले.

या अभ्यासावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. मुलाखती मोजक्याच झाल्या होत्या. शिवाय गजबजलेल्या रस्त्यावर भाडेकरू जास्त होते, लहान मुले असलेली कुटुंबे कमी होती. मग मैत्री कमी असण्याचे कारण गाड्या की तिथे राहणारी माणसेच वेगळी? पहिल्या मुद्द्याचे उत्तर पुढच्या अभ्यासांनी दिले. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जोशुआ हार्ट यांनी हीच पद्धत वापरली. दिवसाला जेमतेम १४० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर माणशी सरासरी पाचाहून अधिक मित्र होते. २१ हजारांहून अधिक वाहने जाणाऱ्या रस्त्यावर एकाच्या आसपास. चार दशकांचे अंतर, दुसरा देश, दुसरी माणसे, तरी उतार त्याच दिशेला. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आक्षेपातच आहे. लेकुरवाळी कुटुंबे त्या रस्त्यावर कमी होती, कारण ज्यांना जाणे शक्य होते ती निघून गेली होती. मागे राहिले ते ज्यांना हलणे परवडत नव्हते किंवा ज्यांचे वय हलण्याचे राहिले नव्हते. वाहतूक माणसांमधला संबंध तोडते, तशीच शेजार धरून ठेवणारी माणसेही रस्त्यावरून पळवून लावते. वाकड किंवा पिंपळे सौदागरमध्ये घर शोधणारे 'मेन रोडला नको, जरा आतल्या बाजूला बघा' असे दलालाला सांगतात, त्यामागे हेच असते.

आता हे आकडे आपल्या गल्लीला लावून पाहू. दिवसभराच्या वाहतुकीचा साधारण दहावा भाग संध्याकाळच्या एका तासात येतो असे धरले, तर १६,००० वाहनांच्या रस्त्यावर त्या तासात दर सव्वादोन सेकंदांना एक वाहन जाते. २,००० च्या रस्त्यावर दर अठरा सेकंदांना. ब्रिस्टलच्या त्या १४० वाहनांच्या रस्त्यावर चार मिनिटांहून जास्त वेळाने. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम या उसंतीवरच ठरतात. स्टंप म्हणून लावलेल्या विटा चार मिनिटांनी एकदा बाजूला करायच्या असतील, तर एक षटक मधे न थांबता पूर्ण होते. अठरा सेकंदांनी करायच्या असतील, तर चेंडू टाकून फलंदाजाने तो मारेपर्यंतच पुढची गाडी येते, आणि काही दिवसांत मुलेच म्हणतात, चल मोबाइलवर खेळू. मोठ्यांचेही तसेच आहे. रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन बायकांचे बोलणे दर दोन सेकंदांनी तुटायला लागले की ते बोलणे होत नाही, हाका मारणे होते. राहत्या भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सततच्या हॉर्नमध्ये ती राहत नाही, आणि ज्या आवाजात ओरडावे लागते तिथे माणसे गुजगोष्टी करत नाहीत.

यावर लगेच म्हटले जाईल की, हे सगळे अमेरिकेत-इंग्लंडमध्ये ठीक. इथे घरटी दोन वाहने आहेत, लोकांना ती लागतात, मग गल्लीत गाड्या येणारच. हिशेब करून पाहावा. शंभर कुटुंबांची एक गल्ली धरू. प्रत्येक घरी दोन वाहने आणि प्रत्येक वाहन रोज एकदा बाहेर जाऊन परत येते. या झाल्या ४०० फेऱ्या. त्यात दूधवाला, गॅसची गाडी, पार्सलवाले, शाळेची व्हॅन आणि पाहुणेरावळे मिळवले तरी आकडा सहाशेच्या आसपास थांबतो. ॲपलयार्ड यांच्या सर्वांत शांत रस्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. घरटी दोन गाड्या असूनसुद्धा, गल्ली फक्त गल्लीकरांच्या गाड्यांनी शांतच राहते. शिवाय या गाड्या चालवणारा माणूस ओळखीचा असतो. वळणावर कुणाची आजी बसते, कुणाचे पोर चेंडूमागे धावत येते, हे त्याला ठाऊक असते, आणि चुकला तर त्याला नावाने ओरडता येते. गल्लीतला आकडा सहाशेवरून सहा हजारांवर जातो तो दुसऱ्याच लोकांमुळे. मुख्य रस्त्यावरचा एक सिग्नल टाळण्यासाठी, विकास आराखड्यातल्या (डीपी) अर्धवट राहिलेल्या रस्त्याला वळसा घालण्यासाठी आत शिरलेले ते लोक. पुढच्या दीडशे मीटरवर कोण राहते याच्याशी त्यांचा संबंध नसतो, आणि मोबाइलवरच्या नकाशालाही तो कळत नाही. त्याला फक्त दोन मिनिटे वाचलेली कळतात.

हा भेद पिंपरी-चिंचवडच्या जमिनीवरच उमटलेला आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने आले. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने पेठा आखल्या. मोठे रस्ते पेठेच्या कडेने, आत छोटे रस्ते, बाग, शाळा, दुकाने. या मांडणीचे मूळ क्लॅरन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने १९२९ मध्ये मांडलेल्या 'शेजार घटक' या कल्पनेपर्यंत जाते: शाळा मधोमध, आणि मूल घरापासून शाळेपर्यंत मोठा रस्ता न ओलांडता पोचले पाहिजे. निगडी प्राधिकरणातल्या आतल्या रस्त्यांवर आजही संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक चालताना दिसतात, याचे श्रेय झाडांना दिले जाते. ते झाडांचे आहेच, पण त्याहून अधिक त्या आखणीचे आहे. त्या रस्त्यांवरून कुठे पलीकडे निघता येत नसेल, तर तिथे काम नसलेला माणूस त्यात शिरतच नाही.

पण शहराचा फार मोठा भाग असा आखला गेलाच नाही. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका आणि १९९७ मध्ये भोवतालची अठरा गावे हद्दीत, असे शहर वाढत गेले. २००१ च्या जनगणनेतली दहा लाखांची वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली, दिघी इथे शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले आणि मधे पंधरा-वीस फुटांची वाट सुटली. ती वाट दोन्हीकडच्या घरांसाठी होती. विकास आराखड्यातले मोठे रस्ते कुठे भूसंपादनात, कुठे न्यायालयात अडकले, हिंजवडीचे आयटी पार्क वाढले, आणि या वाटांना शहराची वाहतूक वाहण्याचे काम लागले.

अशा वाटेवरच्या एका घराची कड जवळून पाहण्यासारखी असते. घर प्लॉटच्या सीमेपर्यंत बांधलेले असते, त्यामुळे पहिली पायरी वाटेतच उतरते. तिच्या एका बाजूला पाण्याचे निळे पिंप, दुसऱ्या बाजूला तुळस किंवा कढीपत्ता. दुपारी पायरीवर भाजी निवडली जाते, चैत्र-वैशाखात बाजेवर कुरडया घातल्या जातात, रात्री जेवल्यावर दोन खुर्च्या बाहेर येतात. परकी वाहतूक सुरू झाली की ही कड एकेक करून आत सरकते. आधी धुळीमुळे कुरडया गच्चीवर जातात. मग खुर्च्या येणे बंद होते, कारण पाय आखडून बसावे लागते. मग कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा पिंपाला लागतो, भांडण होते, पिंप हलते. शेवटी पायरीला लोखंडी जाळी लागते आणि दार दिवसाही बंद राहू लागते. यातले प्रत्येक पाऊल इतके छोटे असते की त्याची तक्रार करावी असे कुणालाच वाटत नाही. अशा गल्ल्यांमध्ये लोकांनी उरलेल्या सिमेंटचे स्वतःच घातलेले अडथळे दिसतात, वळणावर ठेवलेले दगड दिसतात. हे गतिरोधक बेकायदा आहेत आणि मणक्याला घातकही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८ चा मानक गोलसर, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गतिरोधकाचा होता. पण असे अडथळे घालणारे लोक जे सांगत आहेत ते पालिकेने ऐकायला हवे. त्यांनी रस्ता अडवलेला नाही, वेग अडवला आहे.

शेजार मोडला तर एवढे काय बिघडते, असे वाटणाऱ्यांना या पट्ट्यातले जगणे पुरेसे माहीत नाही. हे शहर बाहेरून आलेल्यांचे आहे. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा-सांगली, कोकण, आणि आता बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाचे सख्खे कुणी हाकेच्या अंतरावर नसते. नवरा फर्स्ट शिफ्टला, बायको एखाद्या पॅकिंग युनिटला किंवा चार घरची कामे करायला गेलेली, आणि शाळेतून आलेले मूल घराची किल्ली शेजारच्या काकूंकडून घेते. रात्री अचानक कुणाच्या छातीत दुखू लागले तर रिक्षा शेजारचाच काढतो. गावाकडे जाताना घर त्याच्याच भरवशावर टाकले जाते. इथे शेजार म्हणजे नातेवाइकांच्या जागी उभी राहिलेली व्यवस्था आहे, आणि ती रस्त्यावरच्या रोजच्या दोन शब्दांतून तयार होते. कुणी ठरवून, अर्ज भरून शेजारी होत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी कुटुंबे कानबाई बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक काढतात. धुळे-जळगावचा हा उत्सव पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत रुजला, कारण त्याला अंगणाच्या जागी गल्ली मिळाली. ओळखीचे मोल संकटात कसे दिसते याचे एक उदाहरण शिकागोचे आहे. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने लागून असलेल्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे सारखेच, पण एकीकडचा मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट. कमी मृत्यूच्या वस्तीत रस्ते माणसांनी आणि दुकानांनी भरलेले होते. म्हातारी माणसे खाली उतरत, आणि उतरली नाहीत तर कुणीतरी विचारपूस करी. दुसऱ्या वस्तीत रस्ते ओस पडण्याचे कारण वाहतूक नव्हते, पण रस्ता ओस पडला की काय होते, हे त्यातून कळते.

एक प्रतिवाद नव्या सोसायट्यांकडून येतो. वाकड, रावेत, पुनावळे, मोशीच्या सोसायट्यांमध्ये गेटच्या आत खेळाची जागा आहे, चालायला ट्रॅक आहे, क्लबहाऊस आहे. मग बाहेरच्या रस्त्यावर शेजार कशाला हवा? ज्यांना ही सोय परवडते त्यांच्यासाठी ती खरी आहे, आणि तिच्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. सोसायटीने गेट बसवून परकी वाहतूक बंद केली आणि आत मुले खेळू लागली, गणपती बसला, दिवाळी पहाट झाली. आतल्या प्रत्येक घराकडे गाडी असूनही हे झाले. पण सोसायटीच्या भिंतीबाहेर जो रस्ता उरतो, त्यावर एकही दार उघडत नाही, एकही खिडकी खाली पाहत नाही. तिथे गाड्यांचा वेग आणखी वाढतो, आणि तोच रस्ता पुढे जुन्या गावठाणातून, कामगारांच्या चाळीतून जातो. सोसायटीतल्या मुलालाही शाळेत, क्लासला, मित्राकडे जाताना गेटबाहेर यावेच लागते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरचे. गेट त्या मुलाला फाटकापर्यंतच सांभाळते.

चाकणला प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तिथे गावाचा मुख्य रस्ता आणि महामार्ग अनेक ठिकाणी एकच आहे. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता चाकणमध्ये एकमेकांना छेदतात. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांच्या पुरवठादारांचा माल याच दोन रस्त्यांवरून जातो. कांद्याचा बाजार इथेच, आणि मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांमध्ये राहणारे हजारो कामगार याच रस्त्यांच्या कडेने चालत कारखान्यात जातात. या लोकांना 'वाहतूक कमी करा' म्हणणे म्हणजे त्यांच्या रोजगारावर बोट ठेवणे, असा आक्षेप येतो. ट्रेलरला जायला रस्ता हवा, यात वादच नाही. माझा आग्रह इतकाच की तो रस्ता आणि खोल्यांमधली वाट वेगळी राहावी. महामार्ग तुंबला की टेम्पो आणि कंपनीच्या बस वाड्यांमधून घुसतात. ते अडवल्याने एकही कारखाना बंद पडणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा सुमारे ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. लांबची वाहतूक वर गेल्यावर खालच्या रस्त्याचे काय करायचे, हे आत्ताच ठरवले पाहिजे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. दापोडी ते निगडी तो रुंद झाला, ग्रेड सेपरेटर झाले, मधून सलग जाणाऱ्या गाड्यांची सोय झाली, आणि पलीकडे जाणे हे पायी माणसासाठी काम होऊन बसले. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच रस्त्याने आकुर्डीला मुक्कामाला येते आणि पुढे पुण्याकडे निघते, तेव्हा दोन्ही बाजूंची वस्ती रस्त्यावर उतरते. बाकी वर्षभर ही वस्ती रस्त्याने दुभंगलेलीच राहते.

वाहतूकशास्त्राच्या बाजूनेही एक आक्षेप आहे: एक गल्ली बंद केली तर गाड्या दुसऱ्या गल्लीत जातील, पाणी जसे उतार शोधते तसे. पण गाड्या पाणी नव्हेत. त्या माणसे चालवतात, आणि माणसे वेळ बदलतात, साधन बदलतात, फेरीच टाळतात. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन यांनी २००२ मध्ये अकरा देशांतली सत्तर उदाहरणे तपासली, जिथे रस्त्याची जागा गाड्यांकडून काढून घेतली होती. आजूबाजूच्या रस्त्यांसकट मोजले, तर निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्क्यांहून अधिक घटली. उलट दिशेचा पुरावा ड्युरँटन आणि टर्नर यांच्या २०११ च्या अभ्यासात आहे. अमेरिकी शहरांत महामार्गांची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढली, जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांची धाव वाढली. यातून एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. एकच गल्ली अडवली आणि शेजारची मोकळी सोडली, तर शेजारच्यांवर अन्याय होतो. म्हणून हे काम गल्लीनिहाय, नगरसेवकाच्या ओळखीने होता कामा नये. चार मोठ्या रस्त्यांनी वेढलेला पूर्ण भाग एकत्र घेतला पाहिजे: गाडी प्रत्येक घरापर्यंत जाईल, पण आरपार निघणार नाही. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी काढता येणारे खांब ठेवता येतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त बळी गेले, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरात सुरू झालेल्या, मुलांना खेळण्याची मुभा आणि गाडीला माणसाच्या चालीचा वेग देणाऱ्या राहत्या रस्त्यांना १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली.

वेगाबद्दल तर शंकेला जागाच नाही. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी, चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला, तर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणारी २८ मीटरच्या आसपास. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३० ऐवजी ५० म्हणजे पावणेतीन पटींहून जास्त. काळेवाडीच्या गल्लीत चेंडूमागे धावलेल्या मुलाला या दोन आकड्यांमधले पंधरा मीटर पुरतात किंवा पुरत नाहीत. आणि इथे आपल्याच गाड्यांचा दोषही सांगितला पाहिजे, कारण माझा मुख्य मुद्दा तो झाकू शकतो. चालणारी गाडी परकी असते, पण उभी गाडी बहुधा आपली असते. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्हीकडे मोटारी लागल्या की पाच मीटर उरतात, आणि दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येणारे मूल चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. एक मोटार दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जागा चोवीस तास अडवते आणि त्याचे काही मोल देत नाही. पार्किंगला दर लावायचे म्हटले की या शहरात विरोध होतो, पण फुकटच्या त्या जागेचे भाडे गल्लीतली मुले भरत असतात.

पालिकेने काहीच केले नाही असे नाही. केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत पिंपरी-चिंचवड विजेत्या शहरांत होते, आणि निगडी प्राधिकरणात पदपथ व सायकलमार्ग जोडणारे 'हरित सेतू'चे काम हाती घेतले गेले. रस्ते अरुंद होतील, गाड्या कुठे लावायच्या, अशा हरकती तिथल्या रहिवाशांनी घेतल्या. त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. लोकांना आधी दाखवून, तात्पुरत्या खुणा आणि कुंड्या ठेवून, महिनाभर अनुभव देऊन मग पक्के काम करावे. पण आतला रस्ता रुंद ठेवला तर तो वेगालाच आमंत्रण देतो, हे हरकती घेणाऱ्यांनीही पाहावे. मला जास्त खटकते ते असे की, हे प्रयोग आधीच बऱ्या आखलेल्या भागांत होतात. खरी गरज थेरगाव, काळेवाडी, चिखलीच्या गल्ल्यांना आणि चाकणच्या वाड्यांना आहे, जिथे पदपथाला जागाच नाही आणि गल्ली हीच मुलांची एकमेव बाग आहे. तिथे सुशोभीकरणाचा खर्च नको. आरपार वाहतूक थांबवणारे चार खांब आणि मानकानुसार घातलेले गतिरोधक पुरेसे आहेत.

सुरुवात मोजणीपासून करता येईल, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. शाळेतल्या मुलांनी, गणेश मंडळाने किंवा महिला बचत गटाने एका संध्याकाळी सहा ते सात आपल्या गल्लीच्या दोन्ही तोंडांशी बसून किती वाहने एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघून गेली आणि किती आत थांबली, हे वहीत लिहावे. सोबत प्रत्येक घरात विचारावे की समोरच्या ओळीतल्या किती घरांची नावे माहीत आहेत आणि किती वर्षांच्या मुलाला रस्ता एकट्याने ओलांडू देता. ते दोन कागद घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा. कोंडीत किती मिनिटे गेली याचा हिशेब प्रशासनाकडे आहेच. तुमच्या गल्लीचा हिशेब तुम्ही दिल्याशिवाय त्याच्याकडे येणार नाही.